ऊर्जा नष्ट होत नाही, मग वीज वाचवायची कशाला? नववीतल्या चार प्रश्नांची उत्तरं

नववीचा ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा वाचून तू तीन प्रश्न विचारलेस. एक, डोक्यावर बॅग घेऊन उभा असलेला हमाल घामाघूम होतो, तरी त्याचं कार्य शून्य कसं? दोन, गतिज ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग का, नुसता वेग का नाही? तीन, ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, तर मग जिकडेतिकडे ‘वीज वाचवा’ असं का लिहिलेलं असतं? आणि शेवटी जाता जाता एक चौथा: बाबांच्या टॉवेलच्या कारखान्यात एवढी वीज लागते, ती शेवटी जाते कुठं? मला विचारशील तर हा चौथाच सगळ्यात भारी आहे. तिसऱ्याचं उत्तर त्याच्या पोटात आहे.

सोलापुरात मी बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवतोय. या धड्यात मुलं गणितापाशी फारशी अडत नाहीत, सूत्रात आकडे घालून उत्तर काढतात. अडतात ती एका समजुतीपाशी. ऊर्जा म्हणजे वस्तूत भरलेला काहीतरी पदार्थ आहे आणि वापरला की तो संपतो, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. एकदा ते बसलं की तुझे चारही प्रश्न कोडी होतात. खरं तर ऊर्जा ही मोजून काढायची राशी आहे. वस्तू किती उंचावर आहे, किती वेगात आहे, किती तापली आहे, तिच्यातल्या रेणूंची बांधणी कशी आहे, अशा प्रत्येक गोष्टीसाठी एक आकडा काढायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. बाहेरून काही आलं नाही, बाहेर काही गेलं नाही, तर आत कितीही उलथापालथ होवो, बेरीज तीच राहते. निसर्ग असा का वागतो हे नववीत विचारू नकोस, पुढे विचार. तो असाच वागतो हे मात्र आजवरच्या प्रत्येक मोजणीत दिसलेलं आहे.

आता हमाल. सोलापूर स्टेशनवर २० किलोची बॅग त्याने खालून उचलून डोक्यावर ठेवली, उंची १.७ मीटर धरू. बॅगेवर झालेलं कार्य २० × ९.८ × १.७, म्हणजे साधारण ३३३ ज्यूल. बॅगेची स्थितिज ऊर्जा तेवढीच वाढली. पुढे गाडी उशिरा आली आणि तो तासभर तसाच उभा राहिला. बॅगेला वर ढकलणारं १९६ न्यूटन बल तो सतत लावतोय, पण बॅग तिथल्या तिथेच आहे. विस्थापन शून्य, कार्य शून्य. तासाभरापूर्वी बॅगेची जी ऊर्जा होती तीच आताही आहे, मग तिच्यावर कार्य झालं म्हणायचं कशाच्या जोरावर? तीच बॅग बाकावर ठेवली असती तर बाकाने तासभर तेवढंच बल लावलं असतं. बाकाला मध्ये चहा लागत नाही.

हमालाला लागतो, कारण स्नायू बाकासारखा नुसता ताठ राहू शकत नाही. ताण धरून ठेवायचा तर स्नायूतले सूक्ष्म तंतू एकमेकांना पकडतात, ओढतात, सुटतात, पुन्हा पकडतात, आणि हे अखंड चालतं. प्रत्येक पकडीला अन्नातून आलेली रासायनिक ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. घाम त्याचाच. म्हणून कार्याचा प्रश्न आला की पहिल्यांदा विचार: कोणी, कोणावर? हमालाने बॅगेवर केलेलं कार्य शून्य आहे. त्याच्या शरीराच्या आतला खर्च भरपूर आहे, पण परीक्षेत तो विचारलेला नसतो. प्लॅटफॉर्मवर तो सपाट चालत गेला तरी बल उभं आणि विस्थापन आडवं, मधला कोन ९० अंश, म्हणून गुरुत्वाविरुद्धचं कार्य पुन्हा शून्यच. पुलाचा जिना चढला की मात्र कार्य होतं. आणि बॅग अलगद खाली ठेवली तर त्याच्या बलाने बॅगेवर केलेलं कार्य ऋण ३३३ ज्यूल. बल वर, विस्थापन खाली. हे ऋण चिन्ह मुलं सर्रास विसरतात.

शरीराच्या आतल्या खर्चाचा अंदाज हवा असेल तर भाकरीवरून काढू. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ३५० किलोकॅलरी असतात. ५० ग्रॅम पिठाची भाकरी धरली तर १७५ किलोकॅलरी, ज्यूलमध्ये साधारण ७,३०,०००. एका भाकरीच्या ऊर्जेत ती बॅग कागदावर जवळपास २,२०० वेळा डोक्यावर चढते. प्रत्यक्षात स्नायू त्या ऊर्जेतला २० ते २५ टक्केच भाग उपयोगी कार्यात बदलतात, बाकीची उष्णता. शिवाय वाकून उठताना हमाल स्वतःचं निम्मं शरीरही दर वेळी उचलतो, तो खर्च वेगळा. आणि काहीच न करता नुसतं बसलं तरी शरीर साधारण ८० वॅटने चालू असतं. तुमच्या वर्गात ६० जण असतील तर ४,८०० वॅट. दोन हजार वॅटचे दोन गीझर चालू ठेवून वर आणखी थोडं. जूनमध्ये शाळा उघडल्यावर दारं लावलेल्या वर्गात का उकडतं, त्याचं निम्मं उत्तर हे.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. वेगाच्या वर्गाची सिद्धता गतीच्या समीकरणांवरून निघते आणि ती पुस्तकात आहे, तेव्हा परीक्षेत तीच लिही. समजून घ्यायला मात्र ब्रेक मारणारी गाडी बरी. गाडीचा वेग सेकंदाला १० मीटर आहे आणि ब्रेक लावल्यावर तो दर सेकंदाला ५ ने कमी होतो. गाडी २ सेकंदांत थांबेल. त्या काळातला सरासरी वेग ५, म्हणून ती १० मीटर जाऊन थांबेल. आता वेग २० कर, ब्रेक तेच. थांबायला ४ सेकंद, सरासरी वेग १०, अंतर ४० मीटर. वेग दुप्पट झाला तेव्हा वेळ दुप्पट झाला आणि सरासरी वेगही दुप्पट झाला. दोनदा दुप्पट म्हणजे चौपट अंतर. ब्रेकचं बल तेवढंच आहे, म्हणून कार्यही चौपट, आणि ते कार्य गाडीची गतिज ऊर्जा काढून घेण्यातच गेलं. वर्ग आला तो इथून.

यावर युरोपात मोठा वाद झाला होता, हे तुला सांगायलाच हवं. गतीचं खरं माप कुठलं, वस्तुमान गुणिले वेग की वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, यावर न्यूटनचे आणि लायब्निझचे अनुयायी भांडत होते. १७२०च्या दशकात हॉलंडमध्ये विलेम ग्राव्हेसांडे याने मऊ मातीवर पितळी गोळे सोडून बघितले. दुप्पट वेगाने पडणारा गोळा मातीत जेवढा खड्डा करतो, तेवढाच खड्डा मूळ वेगाने पडणाऱ्या पण चौपट वस्तुमानाच्या गोळ्याने होतो, असं त्याला दिसलं. फ्रान्समधल्या एमिली द्यू शातले या विदुषीने या प्रयोगाचं महत्त्व ओळखलं आणि १७४० मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात वर्गाची बाजू ठामपणे मांडली. न्यूटनच्या ग्रंथाचं फ्रेंच भाषांतरही तिचंच; ते तिच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १७५९ मध्ये छापून आलं. भांडणारे दोघंही बरोबर होते, हे पुढे लक्षात आलं. बल किती वेळ लागलं हे मोजलं की संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, मिळतो, तो तू पहिल्या धड्यात शिकलीस. बल किती अंतरभर लागलं हे मोजलं की ऊर्जा मिळते. सूत्रातला अर्धा मात्र उशिरा आला. गतिज ऊर्जेतला बदल थेट कार्याएवढा यावा म्हणून कोरिओलिसने १८२९ मध्ये तो घातला.

ग्राव्हेसांडेचा प्रयोग तुला घरी करता येईल, आणि त्यासाठी काळी माती आपल्याकडे पैशाला पासरी. पाणी घालून लोण्यासारखी मळ, परातीत सपाट थाप. सायकल दुरुस्तीच्या दुकानातून बेअरिंगचा एक मोठा छर्रा आण. तो आधी २५ सेंटिमीटरवरून आणि नंतर १ मीटरवरून सोड. उंची चौपट केली की जमिनीशी पोचतानाचा वेग दुप्पट होतो. खड्ड्याची खोली मोजत बसू नकोस, आकारमान मोज: इंजेक्शनच्या सुईविना सिरिंजने खड्ड्यात पाणी भर आणि किती मिली मावलं ते बघ. काटेकोर चौपट येणार नाही, माती काही आदर्श पदार्थ नाही. पण दुप्पट नक्कीच नाही, एवढं डोळ्यांना दिसेल.

आणि हे घरच्यांनाही दाखव. पुणे रस्त्यावर गाडी ताशी ५० किलोमीटरने जात असेल तर तिची गतिज ऊर्जा ती सुमारे १० मीटरवरून खाली पडल्यावर मिळेल तेवढी असते, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून. ताशी १०० केला की ३९ मीटर, तेरावा मजला. गाडी लहान की मोठी याने फरक पडत नाही, कारण वस्तुमान दोन्ही बाजूंनी कापलं जातं. करून बघ: ताशी किलोमीटरला ५/१८ ने गुणायचं, वर्ग करायचा, १९.६ ने भागायचं.

स्थितिज ऊर्जेबद्दल तू काही विचारलं नाहीस, तरी उजनीचं एक गणित तेवढं सांगतो, पुढे ते लागणार आहे. त्याआधी ‘युनिट’ समजून घे. १,००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, म्हणजे १,००० × ३,६०० = ३६ लाख ज्यूल. वॅट हा दर आहे, युनिट ही एकूण रक्कम. ‘आमचा गीझर दोन युनिटचा आहे’ असं कोणी म्हणालं तर किती तास, असं विचार. आता उजनीच्या धरणातून पाणी समजा ३० मीटर खाली येतंय. १ घनमीटर, म्हणजे १,००० लिटर पाण्याची ऊर्जा १,००० × ९.८ × ३० = २,९४,००० ज्यूल. एका युनिटला १२ घनमीटरहून जास्त पाणी लागलं, आणि तेही जनित्रात काही वाया गेलं नाही असं धरून. उन्हाळ्यात आपल्या गल्लीत येतो तसा १२ हजार लिटरचा टँकर अख्खा दहा मजले खाली ओतायचा, तेव्हा कुठं एक युनिट. उजनीच्या पायथ्याचं वीजघर १२ मेगावॅटचं आहे. आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्यातलं कोळशावरचं केंद्र १,३२० मेगावॅटचं, त्याच्या ११० पट. मघाच्या हमालाच्या भाषेत सांगायचं तर एका युनिटमध्ये ती बॅग जवळपास १०,८०० वेळा डोक्यावर चढते. बटण दाबल्यावर आपण काय मागवतो, याची कल्पना अंगमेहनतीत मोजल्याशिवाय येत नाही.

आता कारखाना. बाबांना विचार, एका मागाला किती अश्वशक्तीची मोटर आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. मीटरमधून आलेली वीज मोटरमध्ये गेली. थोडी तिथेच तारांच्या वेटोळ्यांत उष्णता झाली. मोटरला हात लावला तर चटका बसतो तो याच कारणाने. बाकीची पट्ट्यावाटे मागाकडे गेली. तिथे धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारा लाकडी तुकडा, इकडून तिकडे फेकला जातो. धोटा ४०० ग्रॅमचा आणि त्याचा वेग सेकंदाला १२ मीटर धरला तर गतिज ऊर्जा ½ × ०.४ × १४४, म्हणजे २९ ज्यूलच्या आसपास. पलीकडे पोचला की त्याला थांबवावं लागतं. हे २९ ज्यूल परत मोटरकडे जात नाहीत. पेटीच्या घर्षणात आणि दणक्यात त्यांची उष्णता होते, थोडा आवाज होतो. लगेच पुन्हा २९ ज्यूल देऊन तो उलटा फेकायचा. मिनिटाला १२० फेऱ्या धरल्या तर सेकंदाला दोन, म्हणजे ५८ वॅट नुसते धोटा फेकण्या-थांबवण्यात गेले. जड धोटा फेकायचाच नाही, हलक्या पात्याने धागा ओढून न्यायचा, ही रेपियर मागामागची एक कल्पना. आडवा धागा घट्ट बसवणारी फणी पुढे-मागे ठोकते, उभे धागे उचलणाऱ्या वया वर-खाली होतात, प्रत्येक सांध्यात घर्षण. खटखट आवाज भिंतींवर आदळून विरतो म्हणजे त्याचीही शेवटी उष्णताच होते, आणि तो कानठळ्या बसवणारा असला तरी त्यातली ऊर्जा फारच थोडी असते.

संध्याकाळी टॉवेलचा गठ्ठा बाहेर पडला. विजेतली किती ऊर्जा त्यात आहे?

जवळपास शून्य. सूत ताणलं, गुंफलं, पण त्याची ऊर्जा सकाळच्या बॉबिनवर होती जवळजवळ तेवढीच आहे. टॉवेल पेटवला तर उष्णता मिळेल, खरं आहे, पण ती कापसाच्या झाडाने शेतात सूर्यप्रकाशातून साठवलेली. महावितरणचा तिच्याशी संबंध नाही. म्हणजे कारखान्यात दिवसाला १०० युनिट जळाली तर १०० युनिटची, ३६ कोटी ज्यूल, उष्णता शेडच्या हवेत, भिंतींत, पत्र्यात गेली. विणकाम झालं, टॉवेल झाला, मजुरी मिळाली आणि ऊर्जेच्या वहीत मात्र ‘वीज आत, उष्णता बाहेर’ एवढीच नोंद. वाटेत ती विजेची गती झाली, गतीचा आवाज झाला, पण शेवटचा मुक्काम एकच. मुलांना हे पटत नाही. एवढं मोठं यंत्र, आणि ते शेवटी हीटरच? टॉवेल तयार होणं हा त्या प्रवासातला आपल्या कामाचा टप्पा आहे. तो साधला की ऊर्जा तशीच पुढे उष्णतेकडे निघून जाते.

हे नुसतं मानायचं नाही, मोजलेलं आहे. इंग्लंडमधल्या जेम्स ज्यूलने १८४०च्या दशकात खाली येणाऱ्या वजनाने पाण्यात पाती फिरवली आणि पाणी किती तापतं ते मोजलं. घराणं बिअर बनवणाऱ्यांचं, त्यामुळे तापमान बारकाईने मोजण्याची सवय त्याला धंद्यातून असावी. १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४.१८ ज्यूल कार्य लागतं, हा आज आपण वापरतो तो आकडा. त्याला हा फरक पकडणं किती अवघड होतं ते बघ: पाणी ४२७ मीटर उंचीवरून पाडलं आणि सगळी ऊर्जा पाण्यातच राहिली, तर ते फक्त १ अंशाने तापतं. आपल्याला रोज हे जाणवत नाही ते म्हणूनच.

बेरीज जर तीच राहते तर वाचवायचं काय? कोळशातली, धरणाच्या पाण्यातली, विजेतली ऊर्जा म्हणजे पाचशेची कोरी नोट. शेडच्या हवेत विरलेली उष्णता म्हणजे त्याच पाचशेचे एकेक पैसे करून पार्क चौकापासून होटगी रस्त्यापर्यंत उधळलेले. रक्कम बुडालेली नाही, एक पैसाही कमी नाही. पण त्या पैशांनी तू दुकानात काही घेऊन दाखव. गोळा करायलाच त्याहून जास्त खर्च येईल. उष्णता आपण होऊन गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, उलट कधीच नाही. आणि सगळीकडे सारखं तापमान झालं की तिच्याकडून काम करून घेता येत नाही, मग ती कितीही असो. सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये वाफेच्या इंजिनांचा विचार करताना याची पहिली गाठ सोडवली. म्हणून ‘ऊर्जा वाचवा’ याचा भौतिकशास्त्रातला अर्थ असा: एकवटलेली, काम करू शकणारी ऊर्जा विनाकारण विखरू देऊ नका. ज्यूल वाचवायची गरज नाही, ते वाचलेलेच असतात.

ही विखुरण कारखान्याच्या आधीपासूनच सुरू झालेली असते. औष्णिक केंद्रात कोळसा जाळून साडेपाचशे-सहाशे अंशांची वाफ करतात, वाफ टर्बाइन फिरवते, टर्बाइन जनित्र फिरवतं. चांगल्या आधुनिक संचातही कोळशातल्या ऊर्जेचा सुमारे ४० टक्के भागच वीज होतो. बाकीचा धुराड्यातून आणि थंड करणाऱ्या मनोऱ्यांतून हवेत. ही काही अभियंत्यांची हलगर्जी नाही. उष्णतेपासून काम काढायचं तर काही उष्णता थंड बाजूला सोडावीच लागते, कार्नोने घालून दिलेली ती मर्यादा. म्हणजे तुझ्या घरात एक युनिट वाचलं तर कोळशातली जवळपास अडीच युनिटं वाचली. आपल्याकडच्या कोळशाच्या हिशेबाने अर्धा किलोच्या वर कोळसा. मनोऱ्यांतून जे पाणी वाफ होऊन जातं तेही उजनीचंच.

तारांतली वीज साठवून ठेवता येत नाही, हाही मुद्दा इथे येतो. ज्या क्षणी तू पंखा लावतेस त्याच क्षणी कुठल्यातरी जनित्रावर तेवढा भार पडतो. भार अचानक वाढला आणि वाफ लगेच वाढली नाही, तर ती तूट पहिल्यांदा भरून निघते रोटरांच्या, म्हणजे जनित्रांतल्या फिरणाऱ्या अवाढव्य भागांच्या, गतिज ऊर्जेतून. तोच तुझा वेगाच्या वर्गाचा नियम. रोटर किंचित मंदावतात आणि ५० हर्ट्‌झची वारंवारता जरा खाली येते. यात आपल्या गावाचं नाव कोरलेलं आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचं वीजजाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एका लयीत जोडलं गेलं. तेव्हापासून केरळातलं जनित्र आणि काश्मिरातलं जनित्र एकाच ठेक्यात फिरतं.

पंख्याचा विषय निघाला म्हणून, कारण मे महिन्यात हा प्रश्न हमखास येतो. पंखा खोली थंड करत नाही. ७५ वॅटची वीज खाऊन तो तेवढीच उष्णता खोलीत सोडतो; बंद खोलीत तो चालू ठेवून बाहेर गेलीस तर परत येईपर्यंत खोली थोडी तापलेलीच असेल. तो गार करतो तुला, घाम लवकर वाळवून. कूलर मात्र खोली खरंच गार करतो. १ लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल लागतात, युनिटच्या दोन तृतीयांश, आणि ते कूलरमधून जाणाऱ्या हवेतून काढून घेतले जातात. तासाला ५ लिटर पाणी उडालं तर तीन युनिटहून जास्त उष्णता उचलली गेली, आणि पंप-पंख्याला लागली जेमतेम पाव युनिट वीज. नियम कुठे मोडला नाही. ऊर्जा बाष्पात गेली, म्हणून तर खिडकी उघडी ठेवून ते बाष्प बाहेर घालवावं लागतं. आपली हवा कोरडी, म्हणून सोलापुरात कूलर चालतो. मुंबईत त्याच कूलरने नुसतं चिकचिक होईल.

परीक्षेपुरतं एवढं बघ. ‘ऊर्जा अक्षय्यतेचा नियम सांगा’ असं आलं तर पुस्तकातलं वाक्य लिही आणि उदाहरण म्हणून खाली पडणारी वस्तू घे. त्यात वरच्या, मधल्या आणि खालच्या बिंदूला स्थितिज व गतिज ऊर्जेची बेरीज काढून दाखव. वस्तू जमिनीवर पडून थांबल्यानंतर ऊर्जा कुठे गेली हेही एका ओळीत लिही, ती ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर झुलणारी ती मोठी नाव आठवून गणित केलंस तरी चालेल: नाव सर्वांत खालच्या बिंदूपासून ५ मीटर वर जात असेल तर खाली येताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ९.९ मीटर, ताशी ३६ किलोमीटर. माणसं किती बसली आहेत याचा संबंध नाही. मोटर बंद केली की झोके लहान होत जातात ते बिजागऱ्यांच्या घर्षणाने आणि हवेने.

आणि दोन मोजण्या कर. शाळेचा जिना पळत चढ, मैत्रिणीला वेळ घ्यायला सांग. एका पायरीची उंची पट्टीने मोजून पायऱ्यांनी गुण. तुझं वस्तुमान ४५ किलो, उंची ९ मीटर आणि वेळ १५ सेकंद आली तर ४५ × ९.८ × ९ भागिले १५, म्हणजे २६५ वॅटच्या आसपास, अश्वशक्तीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. आडवं अंतर धरू नकोस, फक्त उभी उंची.

दुसरी मोजणी गच्चीच्या टाकीची. १,००० लिटर पाणी १० मीटर चढवायला ९८,००० ज्यूल पुरतात, म्हणजे एक अश्वशक्तीच्या मोटरला सव्वादोन मिनिटांहून कमी वेळ लागायला हवा. घड्याळ लावून बघ, कितीतरी जास्त वेळ लागेल. गणिताने आलेल्या वेळेला प्रत्यक्ष वेळेने भागून १०० ने गुण. तुमच्या मोटर, पंप आणि पाइपची मिळून कार्यक्षमता किती टक्के ते त्यातून निघेल. ३० ते ४०च्या घरात आली तर मोजणी बरोबर आहे असं समज. १५च्या खाली आली तर बाबांना सांग, पाइपमध्ये क्षार साचलेत का किंवा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपच्या तळाची झडप, गळतोय का ते एकदा बघून घ्या म्हणावं.